हमीदभाईंचे फ्रेंच गोळे

जुन्या वस्तूंच्या दुकानात माल खपतो, किस्से मात्र तसेच पडून राहतात! पोलिस ॲक्शननंतर हवेल्यांमधलं सामान बाजारात आलं आणि शहागंजातलं हमीदभाईंचं दुकान गच्च भरलं. मी कचेरीतला कारकून. काम संपलं की चहाला तिथंच. हमीदभाईंचा जीव एकाच गोष्टीत: फ्रान्सहून आलेले काचेचे पेपरवेट. मुठीएवढे गोळे, आत रंगीत फुलं.

*

"पारख कशी करता?" मी एकदा विचारलं.

त्यांनी डोळे मिटून एक गोळा गालाला लावला. "अस्सल काच थंड अन् जड. बुडाला बारीक चरे पायजेत, टेबलावर सरकून सरकून पडलेले. मग आत काय हाय ते बघायचं. फुलं लई मिळतात. फुलपाखरू कमी. अन् साप निकला तो, मियाँ, समझो ईद!"

एकदा ऐन थंडीत खुलताबादच्या एका माणसानं पत्र्याच्या पेटीतून गोळा आणला. हमीदभाईंनी गालाला लावला आणि चटकन खाली ठेवला.

"अभी किसके हाथ में था?"

"कुणाच्याच नाय. वडील गेले तवापासून पेटीतच हाय."

मी हात लावून पाहिला. माणसाच्या अंगासारखा कोमट!

*

गारखेड्याचे शिंदे सर गणिताचे मास्तर. एका गोळ्यात बारीक फुलं खच्चून भरलेली. जितकी जास्त फुलं, तितका गोळा दुर्मिळ, म्हणून हमीदभाईंनी सरांना मोजायला बसवलं. पहिल्यांदा भरली एकशे एक. दुसऱ्यांदा एकशे दोन. भिंग घेऊन मोजली, एकशे तीन.

"काय सर, मोजता येत नाय व्हय?" मी चिडवलं.

सर हसले नाहीत. भिंग खाली ठेवून म्हणाले, "मोजता येतं, म्हणूनच घाबरलोय."

*

साप शेवटी निघालाच! पिशोरकडचा किसन धनगर घेऊन आला. पडक्या बंगल्याजवळ सापडलेला गोळा, आत वेटोळं घातलेला हिरवा साप.

"घ्या ह्यो. मेंढरं चरंनात. ह्याच्याकडं तोंड करून नुस्ती उभी राहत्यात."

हमीदभाई खुशीत. गोळा दर्शनी कपाटात मांडला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर बाजारातल्या सहा-सात बकऱ्या दुकानासमोर ओळीनं उभ्या. एकीचाही आवाज नाही. कपाटावर चादर टाकली, तरी हलेनात.

हमीदभाई म्हणाले, "गिऱ्हाईक तर लई आलं, पण सगळं चार पायांचं!"

*

आणि ही खुर्शीदबींची गोष्ट. त्यांचे मियाँ जाऊन चाळीस दिवस झाले होते. रुमालात गुंडाळून त्यांनी मियाँचा पेपरवेट आणला. आत पांढऱ्या मातीचा, एका बाजूनं दिसणारा माणसाचा चेहरा; मागून नुसता सपाट. हमीदभाई उठूनच उभे राहिले. "चेहऱ्यावाला! बीबी, असला गोळा मी उभ्या जन्मात पाह्यला नाय."

"कीमत नक्को," त्या म्हणाल्या. "सिर्फ इत्ता बोलो, अंदर का आदमी पलट सकता क्या?"

"काचेत भाजलेला हाय. हवासुद्धा आत जात नाय. पलटंल कसा?"

त्यांनी जुना फोटो पुढं केला. त्यात मियाँ डाव्या हाताच्या खुर्चीत बसलेले. शेजारची उजवी खुर्ची रिकामी. मधल्या टेबलावर हाच गोळा उभा ठेवलेला, आणि आतला चेहरा डावीकडं, मियाँकडं वळलेला.

आमच्या हातातला चेहरा उजवीकडं, रिकाम्या खुर्चीच्या बाजूला बघत होता.

"फोटो उलटा छापला असंल," मी म्हणालो. हमीदभाईंनी फोटोतल्या भिंतीवर बोट ठेवलं. तिथल्या पाटीवरची उर्दू अक्षरं अगदी सरळ वाचता येत होती.

मग हमीदभाईंनी हळूच विचारलं, "बीबी, ही दुसरी कुर्सी कुणाची?"

खुर्शीदबींनी गोळा परत रुमालात बांधला, दोन गाठी मारल्या आणि म्हणाल्या, "मेरी."