तुयेच्या वळणावर एकत्र आलेल्या दोन वाटा

गोव्याला चाललोय म्हटल्यावर मित्रांनी डोळे मिचकावले. पेडणे, तुये, डिचोली अशी नावं सांगितली, तर त्यांचे चेहरेच उतरले. समुद्र सोडून तिथे काय बघणार, म्हणाले. मी बाइकची चेन साफ करत राहिलो. खरं कारण त्यांना सांगितलं असतं तर आणखी हसले असते.

कारणं दोन. माझ्या मामाची म्हापशात छोटी फर्म आहे. कारखाने आणि कचेऱ्यांचे फोन कधी बंद पडू नयेत, याची कामं तो घेतो, आणि मी त्याच्या हाताखाली. त्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे दोन केबल वेगवेगळ्या वाटांनी न्यायच्या. एक तुटली तरी दुसरी चालू राहते. तुयेच्या औद्योगिक वसाहतीतला एक खोक्यांचा कारखाना आणि त्याचं डिचोलीतलं ट्रान्सपोर्टचं ऑफिस यांच्यामधली दुसरी वाट मी चार महिने राबून उभी केली होती. शनिवारी चाचणी होती.

दुसरं कारण तन्वी. म्हापशाच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. दुसऱ्या वर्षी मी एका सरांशी भांडलो आणि दप्तर बाकावर टाकून निघून आलो, तो परत गेलो नाही. ती शिकली, आणि आता त्याच डिचोलीच्या ऑफिसात फोनवर बसते. मागच्या भेटीत तिने मला सरळ सांगितलं, "तू सगळं अर्ध्यावर टाकतोस. एक काम पुरं कर, मग दादाला भेट." दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ दिगंबर, रविवारी नार्व्याच्या देवळात भेटायला तयार झाला होता. शनिवारी काम पुरं, रविवारी भेट. इतका सोपा प्रवास मी आयुष्यात आखला नव्हता.

कुडाळहून निघताना वेंगुर्ला, शिरोडा, रेडी असा किनाऱ्याचा रस्ता धरा. महामार्गापेक्षा वेळ लागतो, पण काजूचा हंगाम असेल तर वाटभर बोंडांचा आंबूस-गोड वास नाकात राहतो आणि बाइक आपोआप हळू होते. रेडीनंतर चढ लागतो, आणि कधी गोव्यात शिरलो ते कळायच्या आत तेरेखोलचा किल्ला समोर येतो.

तिथे मला एका छोट्या हॉटेलची अँटेना तपासायची होती. नदीखालून केबल नेणं परवडत नाही, म्हणून त्या हॉटेलचा फोन पलीकडच्या केरीच्या डोंगरावरून हवेतून येतो. गच्चीवर एक पांढरी थाळी, बस. मी तिच्या बाजूला उभा राहून बराच वेळ नदीच्या मुखाकडे बघत राहिलो. खाली पाणी कुठे गोडं आणि कुठे खारं ते रंगावरून कळत होतं. कुणीतरी मुंबईतून खोली विचारत असेल, कुणी आईला पोचल्याचं सांगत असेल, आणि ते सगळं माझ्या कानाजवळून, वाऱ्यातून, आवाज न करता चाललं होतं. तन्वीचा आवाजही असाच कुठूनतरी जात असेल, असं मनात आलं आणि पाना हातातून गच्चीवर पडला.

फेरीबोटीने केरीला उतरलो. माणसांना पैसे पडत नाहीत. ओहोटीला मात्र बोट थांबते, तेव्हा वेळ विचारून जा. उतरल्यावर एका टपरीत पोय आणि पातळ भाजी खाल्ली. पोय म्हणजे कोंड्याचा पोकळ पाव, गरम असताना हातात धरवत नाही. टपरीवाल्या मावशींनी विचारलं, कोणाचा तू. कुडाळचा म्हटल्यावर त्यांनी भाजी पुन्हा वाढली आणि पैसे पहिल्याच वाढीचे घेतले.

पेडण्यात स्टँडजवळ लॉज मिळतं. साधं, पण खिडकीचं जनेल उघडलं की फणसाचं झाड खोलीत येतं. शुक्रवारी सकाळी मी तुयेला पोचलो. चाचणीआधी आपली वाट एकदा पायांनी चालून बघावी म्हणून बाइक वसाहतीच्या फाटकाशी लावली आणि केबलच्या खुणेचे खांब बघत मागे निघालो. कातळाचं पठार, गवत सुकून सोनेरी झालेलं, लांब कुठेतरी टिटवी. मला त्या खांबांचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

वळणावर आलो आणि थबकलो. मेन केबलचा, म्हणजे पहिल्या वाटेचा, खांब आणि आमचा खांब खांद्याला खांदा लावून उभे होते. नकाशात आमची केबल रस्त्याच्या डाव्या बाजूने होती, मेन उजव्या. इथे मात्र आमचा चर रस्ता ओलांडून उजवीकडे आला होता, तीसेक पावलं मेनच्या अगदी शेजारून गेला होता आणि पुन्हा डावीकडे परतला होता. म्हणजे एका जेसीबीचा एक घाव, आणि दोन्ही वाटा एकदम गेल्या. आमच्याकडे केबल पावसाने कमी आणि जेसीबीने जास्त मरतात.

डावीकडे सातिवणाच्या झाडाखाली एक शेंदूर नसलेला दगड होता. त्याच्यापुढे एक पोय आणि न पेटवलेली विडी.

आमचा मुकादम बागवे पुढच्या कामावर होता, त्याला गाठलं. तो सावंतवाडीकडचा, माझ्या बापाच्या वयाचा. मी कुणाकुणासमोर किती ओरडलो ते इथे लिहीत नाही. त्याने टोपी काढून घाम पुसला.

"थयसर राखणदार आसा," तो म्हणाला. "तेच्या जाग्यात कुदळ कोण मारतलो? माका पोराटोरां आसत."

"मग मला सांगायचं ना!"

"तुमका म्हायत नाय, ह्या माका काय म्हायत?"

मेन केबल टाकणाऱ्यांची माणसंही याच भागातली; तीही आधी त्याच कारणाने उजवीकडे वळली होती. एकमेकांना न विचारता दोघांनी एकाच देवाचा मान राखला होता.

वळणाजवळच्या घरात गावकार, म्हणजे गावच्या देवाचे मानकरी, राहतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बसायला कदेल पुढे केली, काजूच्या बोंडांचा थंड रस, नीरो, दिला आणि माझा राग शांत होईपर्यंत पाऊस, आंबे, माझं गाव असं काहीबाही विचारत राहिले. राखणदाराला गाऱ्हाणं घालून खणायला मिळेल का, विचारलं. ते हसले. म्हणाले, बाबा, सरकारी रस्तासुद्धा त्याच्यासाठी वळला, तू सरळ जाणार? मी मागे वळून बघितलं. खरंच, त्या सपाट पठारावर रस्त्याला वळायचं दुसरं काही कारणच नव्हतं. मीही कितीदा तिथून गाडी वळवली होती.

मग तेरेखोलची पांढरी थाळी डोळ्यांसमोर आली. कारखान्याच्या गच्चीवरून पेडण्याच्या टेकडीवरचा टॉवर स्वच्छ दिसतो; तिथून पुढे डिचोलीला जोडता येतं. मी विचारलं, वरून गेलं तर चालेल का त्याला?

"तो जमनीचो राखणो," गावकार म्हणाले. "वाऱ्याक तो कित्याक आडायतलो?"

मी मामाला फोन लावला. तो म्हणाला, अँटेना मागवायला तीन आठवडे जातील. उद्याच्या चाचणीत मेन बंद करून बघतात, दुसरी चालते, सही होते. वळणाचं कोण बघतंय? नंतर बसवू गुपचूप. त्याचं खोटं नव्हतं. चाचणी पास झालीच असती.

त्या संध्याकाळी मी पेडण्याच्या बाजारात उगाच फिरलो. भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि खाल्ल्याच नाहीत. सही झाली तर रविवारी दिगंबरदादासमोर पुरं काम घेऊन उभा राहणार होतो. बोललो, तर पुन्हा तोच मी, अर्ध्यावर उठून आलेला.

शनिवारी कारखान्याच्या नाईक मॅडमनी मेन बंद करायला हात पुढे केला तेव्हा मी म्हणालो, थांबा. सगळं सांगितलं. चाचणीला आलेल्या मामाने माझ्याकडे असं बघितलं की मी अजून त्याच्याकडे जेवायला गेलेलो नाही. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि सही अँटेना बसल्यावर करू म्हणून चहा मागवला.

नार्व्याला जायचा रस्ता डिचोलीतून सावलीसावलीने जातो. सकाळी जा, देऊळ झाडीत आहे, आत शिरलं की उन्हाळा बाहेर राहतो. दिगंबरदादा पायरीवर बसला होता. खाणी बंद झाल्यापासून त्याचे ट्रक कारखान्याची खोकी वाहतात. तन्वी थोडी लांब, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. त्याने पहिलाच प्रश्न टाकला.

"काम जालें?"

"नाही," मी म्हणालो. "मीच थांबवलं."

का ते सांगितलं. दादा उठला, हात धुतले, म्हणाला जेवून जा. डिचोलीच्या खानावळीत आम्ही तिघांनी बांगड्याचं हुमण आणि भात खाल्ला. त्याने माझ्या ताटात सोलकढी स्वतः ओतली, पण निघताना लग्नाचं काहीच न काढता बाइक सुरू करून गेला. तन्वी त्याच्या मागे बसली होती. तिने वळून बघितलं की नाही, धुळीत कळलं नाही.

तीन आठवड्यांनी अँटेना आली आणि मी पुन्हा तुयेला गेलो. नाईक मॅडम शेजारी उभ्या राहिल्या, मी मेन केबल उपटून हातात धरली आणि डिचोलीला फोन लावला.

"नमस्कार, डिचोली ऑफिस," तन्वी म्हणाली. एकदम कामाचा आवाज.

ऐकू येतंय का, विचारलं. स्वच्छ येतंय म्हणाली. मॅडमनी मान हलवली आणि सही करायला आत गेल्या. मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि तिचा आवाज लहान झाला.

"दादा सांगता, चवथीक आवयक घेवन यो."

गणपतीला, आणि आईला घेऊन! मेन केबल हातातच राहिली. दारातून शिपाई ओरडला, लावताय ना परत, तेव्हा लावली.

आता कुडाळात बसून हे लिहितोय. बाहेर पाऊस आहे. तुये अजून आठवतं ते त्या वळणासाठी. आता गाडी तिथे आली की मी हळू करतो. मामा अबोला सोडायला तयार नाही, पण पुढच्या गिऱ्हाइकाची दुसरी वाट आधी चालून बघायला त्याने मलाच पाठवलंय. आणि आई स्वयंपाकघरातून सारखी विचारते आहे, त्यांच्याकडे गणपतीवर बांधायच्या माटोळीला आपल्या रानातली कवंडाळाची फळं चालतील का, की रिकाम्या हाताने जायचं आपण.