साहेबांची खात्री

सलूनमधल्या टीव्हीवर दोन वकील राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यावरून भांडत होते. "अधिकाऱ्याची खात्री पटल्याशिवाय कुणालाही खटल्याविना डांबत नाहीत!" एक ओरडला.

कसली डोंबलाची खात्री? कलेक्टर कचेरीत ते आदेश मीच टाइप करायचो. 'माझी खात्री पटली आहे' हे वाक्य मागच्या आदेशावरून उतरवायचो आणि साहेब फाइल न उघडताच सही करायचे. अशाच एका सहीवर एक शाळामास्तर वर्षभर तुरुंगात राहिले. त्यांच्या फाइलीत काहीच नव्हतं. मला ते ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो.

दिलीपने कात्री ठेवून माझ्या मानेमागे आरसा धरला. "काका, नीट बघा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय कापड सोडणार नाही."

केसांसाठी तो थांबला होता. मास्तरांसाठी आम्ही मिनिटभरही थांबलो नव्हतो.