यादोरावांचा सांधा

आंधळगावच्या यादोराव कोष्ट्याइतका हेकट माणूस मी पाहिला नाही आणि तितका बारीक हाताचा विणकरही. कोशाचं रेशमी सूत तुटलं की वाटीतल्या भाताच्या पेजेत बोट बुडवायचं, दोन टोकं चिमटीत पिळायची, झालं. सांधा कुठे आहे ते गिऱ्हाइकाला भिंग लावूनही सापडत नसे. यादोराव त्याचा तोरा मिरवत. का मिरवू नये?

पण माग एकेक करून बंद पडले. माझाही पडला, मी लाखनीच्या एका गोदामावर चौकीदार झालो. यादोरावांचा तेवढा उरला होता. तशात रेणू आली. आमच्याच गल्लीतली पोर, आता नागपुरात यानाची कवचं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीयर. ती सांगू लागली, आकाशात फुटलेल्या उपग्रहांचे कण बंदुकीच्या गोळीपेक्षा कितीतरी वेगाने फिरतात. यानाच्या कवचाचा बाहेरचा पातळ पत्रा कणाचा चुरा करतो, मधल्या मोकळ्या जागेत तो पसरतो आणि मागचं कापड त्याला झेलतं. ते कापड तिला, तिनेच आणलेल्या चिवट पिवळ्या धाग्याचं, हातमागावर विणून हवं होतं. चाचणीत पसंत पडलं, तर गावातले बारा माग पुन्हा चालणार होते. मी त्याच दिवशी माझा माग झाडून ठेवला.

"काका, धागा तुटला तर जोडायचा नाही," रेणूने बजावलं. "लाल दोरा बांधा अन् मले सांगा. पेज तर बिलकुल नाही. धागे चिकटले का तिथं कापड ताणत नाही, तिथूनच फाटते."

"समजलं ना पोरी. मी का काल जन्मलो?"

एकवीस दिवसांत पिवळंधमक कापड तयार झालं. गाडी यायच्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोने, देवकाबाईंनी, वाटी घासायला उचलली.

"या येळी एवढी पेज कायले लागली हो? रोज भरून ठेवली, रोज रिकामी."

यादोराव तसेच कापडाकडे धावले. बाईने सवयीने वाटी ठेवली होती, बोटाने सवयीने बुडी मारली होती. पन्नास वर्षांचं वळण, डोक्याला कोण विचारतो! मी तिथेच होतो. आम्ही कापड अंगणात पसरलं आणि दुपारपर्यंत वीतवीत चाचपलं. एक सांधा सापडेल तर शपथ. शेवटी ते स्वतःच्या बोटांकडे अशा नजरेने पाहू लागले की मलाच भीती वाटली.

रेणू आली, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. नवं विणायला वेळ नव्हता, चाचणी परवा होती. तिनेही चाचपलं. मग हळूच म्हणाली, "मलेच सापडत नाही, तर कोणाले दिसणार? जाऊ द्या."

"जाऊ द्या ना काका," मीही म्हणालो. हात जोडले.

"अर्धं चाचणीले जाईन, अर्धं यानावर. त्याच्यामागं कोण बसन?"

"माणसं," रेणू म्हणाली.

"मंग नेऊ नको."

गाडी रिकामी गेली. कारखान्याने काम दुसरीकडे दिलं. मी अजून चौकीदारच आहे. यादोरावांशी मी बोलत नाही. गल्लीत सगळ्यांना वाटतं, माझा, या कवडूचा, राग गेला नाही. राग कधीच गेला. मी हात जोडले होते, ते त्यांनी पाहिलंय. आता कोणत्या तोंडाने समोर जाऊ?