न्हाणीतली फळी

लग्न होऊन मी बाभुळगावजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. घर कपाशीवाल्या शेतकऱ्याचं, माणसं नऊ आणि न्हाणी एक. मागच्या अंगणात मातीच्या तीन भिंती, वर लाकडी आढ्यावर टाकलेलं छप्पर, खाली फरशी, दाराला गोणपाट. आत वस्तू ठेवायला जागा अशी नव्हतीच. साबण, तेलाची बाटली, टाचा घासायची वज्री, शिकेकाईची वाटी, सगळं खाली भिंतीच्या कडेला पडलेलं असायचं.

आमचं त्यात भागत होतं. सासऱ्यांचं भागेना. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती आणि ती परत येणार नाही, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. काठी घेऊन ते शेतापर्यंत एकटे जायचे. पण एकदा न्हाणीत त्यांचा पाय साबणावर पडला आणि ते जोरात आपटले. तेव्हापासून थोरले दीर त्यांना आंघोळ घालू लागले. न्हाणीतून बाहेर येताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

एका सकाळी ते ओट्यावरून उठलेच नाहीत.

"मले लेकरावानी कायले धुता?" ते दिरांना म्हणाले. "राहू द्या मले तसाच."

तीन दिवस त्यांनी आंघोळ केली नाही. चौथ्या दिवशी कसेबसे तयार झाले. त्यांची आंघोळ आटोपल्यावर थोरल्या जाऊबाईंनी मला न्हाणीत हाक मारली. मी त्यांना बाई म्हणायची. बाई दोन इयत्ता शिकलेल्या, बोलायला कमी. त्या मातीच्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या. भिंतीवर ओल्या पंजाचा ठसा होता, साधारण छातीच्या उंचीवर.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या. "तोल सावरायले त्यायचा हात इथंच जाते. मंग साबन पायापाशी काहून ठेवतो आपन?"

त्यांनी कोळसा घेतला आणि ठशाच्या उंचीवर एक रेघ ओढली.

गोठ्यामागे जुनी बंडी, म्हणजे बैलगाडी, मोडून पडली होती. तिची सागाची एक फळी बाईंनी ओढून काढली. दोघींनी मिळून ती विटेच्या तुकड्यानं घासली, तिला जवसाचं तेल पाजलं. भिंतीत दोन खुंट्या ठोकून त्यांच्यावर फळी ठेवली. मला वाटलं, झालं काम. बाईंनी मात्र फळीला दोन्ही हातांनी धरून अंग टाकलं. खुंट्या मातीसकट उपटून आल्या आणि बाई फरशीवर बसल्या. कोपर चांगलंच सोललं होतं.

"बरं झालं," कोपर पदरानं पुसत त्या म्हणाल्या. "मीच पडली. ते पडले असते त्या जागी."

दोन दिवस त्या कामं करता करता विचार करत होत्या. मग दिरांकडून त्यांनी जिनातल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, टाकाऊ लोखंडी पट्ट्या मागवल्या, कापसाच्या गाठी बांधतात त्या. दगडावर ठोकून त्यांचे दोन लांब फास केले, ते वरच्या लाकडी आढ्याला अडकवले आणि फासात फळी बसवली. फळी झुलू नये म्हणून मागून तारेनं भिंतीला आवळली. या वेळी आम्ही दोघी तिला लोंबकळलो. ती हलली नाही.

मग जागा ठरल्या. उजवीकडे करवंटीत साबण, पाणी निथळायला खाली भोकं पाडलेली. मधे तेलाची बाटली, हाताला कळावी म्हणून सुतळी गुंडाळलेली. डावीकडे वज्री. बाकी सगळ्यांच्या वस्तूंसाठी चहाचं रिकामं खोकं समोरच्या भिंतीला उंचावर बांधलं. मामाजींच्या फळीला कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद बाईंनी घरभर दिली. माझ्या नवऱ्यालासुद्धा.

हे सगळं मामाजींना दिरांनी हात धरून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटे आत गेले. आम्ही सगळे अंगणात कान देऊन बसलो. गंगाळात तांब्या बुडाल्याचा आवाज आला, मग पाणी पडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. दीर उठू लागले, तर बाईंनी मान हलवून त्यांना थांबवलं. पुन्हा तांब्या वाजला. किती वेळ गेला कोण जाणे, पण मामाजी धोतर नेसून, केसांना तेल लावून बाहेर आले.

"कोनं केलं म्हनता हे?" त्यांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

दिरांनी सांगितलं. बाई तोवर घराच्या मागच्या दाराआड गेल्या होत्या.

"सूनबाई," मामाजी त्या दिशेनं म्हणाले, "काठीले एक खुंटी कर दारापाशी."

सून सासऱ्यासमोर उभी राहून बोलत नसे असे ते दिवस होते. "करतो जी," एवढंच बाई आडून म्हणाल्या.

त्यानंतर मामाजींना कुणी आंघोळ घातली नाही. घरी पाहुणे आले की चहा व्हायच्या आधी ते त्यांना मागच्या अंगणात न्यायचे. केळापूरकडचे व्याही आले तेव्हा तर गोणपाट बाजूला सारून ते स्वतः आत शिरले आणि एकेक जागा हात लावून दाखवू लागले.

"आमच्या थोरल्या सुनेनं केलं," ते सांगत होते. "ओढून पाहा. जोर लावा."

व्याह्यांनी मानपान विसरून दोन्ही हातांनी फळी धरली आणि खरंच जोर लावला.