डावीकडचा 'म'

टायपिस्टकाका जन्मापासून आंधळे, पण दवाखान्याच्या रिपोर्टखोलीत भल्याभल्या डोळसांना पाणी पाजायचे. डॉक्टरांनी बोलून ठेवायचं आणि काकांनी ऐकून टाइप करायचं, असं बावीस वर्षं चाललं होतं.

मग नवी व्यवस्था आली. हेडफोन घातला की डोक्याभोवती अक्षरं बोलू लागायची. समोरून 'क' आला तर नवा रिपोर्ट, उजवीकडून 'ट' आला तर दुरुस्ती, आणि डावीकडून 'म' म्हणजे तातडीचं, हातातलं सोडून आधी ते. ज्याला जमेल तो खोलीत राहणार, बाकीच्यांची रवानगी दवाखान्याचे फोन घेण्यावर. आंधळ्यांची सोय करताना आंधळ्यांना विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

चाचणी घ्यायला एक मुलगी आली. ती "आता" म्हणायची आणि कळ दाबायची. तिसऱ्या वेळी काहीच ऐकू आलं नाही. काकांनी सवयीने मान वळवून उजवा कान पुढे केला.

"काका, मान कितीही फिरवा, आवाज तुमच्याबरोबरच फिरणार," ती हसली.

काकाही हसले. इतके दिवस मान वळवून भागलं होतं, त्यामुळे डावा कान कधी गेला ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. डोकं मात्र चाललं. "आता"नंतर शांतता, म्हणजे 'म'. वीसपैकी वीस उत्तरं बरोबर आली.

सोमवारी खरं काम सुरू झालं. तिथे "आता" म्हणायला कोणी नव्हतं. अकराच्या सुमारास ऑपरेशनचे डॉक्टर स्वतः खाली आले. पेशंट पाऊण तास टेबलावर होता आणि त्याचा रिपोर्ट काकांच्या डाव्या कानाशी 'म' 'म' करत पडून होता. काकांनी हेडफोनची वायर सैल असल्याचं सांगून वेळ मारून नेली.

घरी जेवताना ते बायकोला म्हणाले, "डावा कान गेलाय."

"दोन वर्षं झाली. म्हणून तर मी उजवीकडे बसते."

"बोलली नाहीस."

"आधीच डोळे नाहीत. त्यात हे कुठल्या तोंडानं सांगू?"

काका जेवत राहिले. भाजीत मीठ होतं की नाही, कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सकाळी साहेबांपुढे उभं राहून त्यांनी वायरची थाप कबूल केली, आणि कानाचंही सांगितलं.

दुपारी त्यांना फोनच्या टेबलाशी बसवलं. फोन डाव्या हाताला होता. काकांनी तो उचलला, वायर सोडवली आणि उजवीकडे ठेवला.