मोरी की चोकडी

“फ्लॅट छान आहे. पण मोरी कुठाय?”

सावंतांच्या आईंनी हे विचारलं तेव्हा आम्ही सॅम्पल फ्लॅटच्या किचनमध्ये उभे होतो. सॅम्पल फ्लॅट म्हणजे गिऱ्हाइकांना दाखवायला आधी सजवून ठेवलेलं घर. मीरा रोडला हाटकेशजवळचं हे काम. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. ए विंग तयार होती, बी विंगचे तळमजल्याचे खांब उभे राहिले होते, आणि दोन्हींची आर्किटेक्ट मी होते.

सावंतांनी बी विंगमध्ये पहिल्या मजल्यावर वन बीएचके बुक केला होता. तोवर त्यांचं सगळं घर परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहत होतं.

“आई, आता मोरी नसते. सिंक असतं,” सावंत म्हणाले.

“सिंकपाशी उभं राहावं लागतं. उभी राहिले की माझे पाय सुजतात. पाटावर बसव मला, अख्ख्या पंगतीची भांडी घासते.”

“तुला कोण सांगतंय घासायला?”

“मग इथे येऊन काय करू? गॅलरीत बसून रिक्षा मोजू?” मग त्या माझ्याकडे वळल्या. “घर चांगलं आहे हो तुमचं. माझ्याजोगं नाही. मी आहे तिथेच बरी.”

जिना उतरताना सावंत हळूच म्हणाले, “मॅडम, आईला तिकडे एकटी ठेवून मी नाही येऊ शकत. बुकिंग कॅन्सल करावं लागेल.”

मुलांनो, आपल्या घरात तुम्ही मोरी पाहिलेली नाही, म्हणून सांगते. आपल्याकडच्या जुन्या घरांत भांडी-धुणी मागच्या दारी होत. चाळीत मागचं दार नव्हतं, तेव्हा ते सगळं खोलीच्या कोपऱ्यात आलं. वीतभर उंच कठडा, आत उतार दिलेली फरशी, खाली नळ, पाणी जायला जाळी. भांडी, अंघोळ, बाहेरून आल्यावर पाय धुणं, सगळं तिथेच. मग फ्लॅट आले. अंघोळ बाथरूममध्ये गेली, कपडे मशीनमध्ये गेले आणि भांडी सिंकमध्ये चढली. पाटावर बसून काम करणारी बाई त्या दिवशी उभी राहिली, ती कायमची. तिला कुणी विचारलं नाही. आम्ही आर्किटेक्ट लोकांनीही नाही.

गंमत म्हणजे बाथरूमच्या जाळीखाली जो वास अडवणारा भाग असतो, त्याला आमच्या धंद्यात अजून ‘नानी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजी स्पेसिफिकेशनमध्येसुद्धा तोच शब्द. ही नानी म्हणजे कुणाची आजी नव्हे. ती आपली न्हाणी.

घरी येऊन मी प्लॅन उलगडला. प्रत्येक किचनला लागून एक ड्राय बाल्कनी होती, वॉशिंग मशीन ठेवण्यापुरती. तिथला स्लॅब थोडा खाली घेतला तर काम होत होतं. याला साइटवर ‘सन्कन’ म्हणतात. खड्डा ठेवायचा, त्यात पाइप बसवायचे, वॉटरप्रूफिंग करायचं आणि वर उताराची फरशी. एकही भिंत हलणार नव्हती. अडचण एवढीच की हे स्लॅब ओतण्याआधी ठरायला हवं. एकदा काँक्रीट पडलं की विषय संपला. आणि पहिल्या मजल्याचा स्लॅब त्याच आठवड्यात पडणार होता.

आमचे बिल्डर जयंतीशेठ. माणूस दिलदार, पण ब्रोशरवर फार जीव.

“शेठ, बी विंगच्या ड्राय बाल्कन्या सन्कन करू या,” मी म्हटलं. “तिथे मोरी देऊ.”

“मोरी?” त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “बेन, लोग चाळ छोडके इधर आते हैं. आप चाळ उनके पीछे-पीछे भेज रही हो.”

“प्लॅनमधली एक भिंत हलणार नाही.”

“भिंत नहीं, इज्जत हिलेगी. ब्रोशरमध्ये काय लिहू? लक्झरियस मोरी?”

ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले. पण ड्रॉइंग मागे घेतलं नाही.

दुसऱ्याच दिवशी शेठची कंबर धरली. ते घरी झोपून होते. स्लॅबच्या ड्रॉइंगवर सही हवी होती, म्हणून मी भाईंदर वेस्टला त्यांच्या घरी गेले. जाताना सन्कनचं ड्रॉइंगही सोबत घेतलं, सवयीने. पाणी मागायला किचनमध्ये डोकावले. सगळीकडे चकचकीत ग्रॅनाइट. आणि कोपऱ्यात फरशी खाली गेलेली, गुडघ्याएवढ्या उंचीवर नळ, आणि नळासमोर पाटावर बसून शेठच्या आई कोथिंबीर धूत होत्या.

“बा, हे काय आहे?” मी विचारलं.

“चोकडी छे. बीजुं शुं?”

मी तशीच बाहेर आले. “शेठ, तुमच्या घरात मोरी आहे.”

“मोरी नहीं है. वो चोकडी है.”

“फरक काय?”

“चोकडी तो... चोकडी है. बा को उसके बिना चलता नहीं.”

आतून बांचा आवाज आला, “घर लीधुं त्यारे में कह्युं हतुं. चोकडी नथी, तो बा पण नथी.”

मी सन्कनचं ड्रॉइंग त्यांच्या पांघरुणावरच पसरलं. “बी विंगमध्येही एक बा आहेत, शेठ. परळच्या. त्याही हेच म्हणताहेत, फक्त मराठीत: मोरी नाही, तर आईही नाही.”

शेठनी ड्रॉइंगमधल्या खड्ड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “लीक हुआ तो?”

बिल्डर गळतीचं विचारू लागला की समजावं, तो हो म्हणालाय.

“झालं तर माझं नाव सांगा.”

“और ब्रोशर?”

“युटिलिटी एरिया लिहा.”

“हां. ये अच्छा है.” आणि त्यांनी पडल्यापडल्याच सही केली.

माझं नाव पणाला लागलं होतं, म्हणून स्लॅब ओतताना मी स्वतः उभी राहिले. फरशी बसण्याआधी सावंतांच्या फ्लॅटमधला उतार पाणी भरलेली लेव्हल ट्यूब लावून तपासला, आणि एक कोपरा उखडून परत करायला लावला. मिस्त्री पुटपुटला. पुटपुटू दे.

ताबा मिळाला त्या दिवशी सावंतांच्या आई हॉल न बघता थेट मोरीत गेल्या. घरून आणलेला पाट ठेवला. त्यावर बसून तांब्याभर पाणी अगदी लांबच्या कोपऱ्यात ओतलं आणि बघत राहिल्या. पाणी वळलं, जाळीकडे गेलं, संपलं. त्यांनी फरशीवरून तळवा फिरवला.

“उतार बरा आहे,” त्या म्हणाल्या. मग मुलाला, “पेटी वर आण माझी.”

मला सर्टिफिकेटं पुष्कळ मिळाली. हे फ्रेम करता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहून पाठवतेय.

सी विंगच्या वेळी शेठनीच आठवण केली, “बेन, वो युटिलिटी भूलना मत.” त्यांचा सेल्सवाला मराठी गिऱ्हाइकाला मोरी दाखवायचा, गुजरात्याला चोकडी, आणि बाकीच्यांना युटिलिटी. जागा तीच.

तेव्हा घराच्या कुठल्याही कोपऱ्याला नको म्हणण्याआधी समोरच्याची आई त्याला काय म्हणते ते विचारून घ्यावं. आणि उतार स्वतः तपासावा.