सव्वा आणि साडेबाराशे

कुंदाताईंनी लोधिवलीच्या निम्म्या म्हाताऱ्या परदेशी धाडल्या होत्या. हिराआजी मेक्सिकोला, बारकीआत्या स्पेनला आणि गुडघ्यांनी बेजार झालेली यमुनाकाकू कोलंबियाला. म्हाताऱ्यांना याचा पत्ताच नव्हता; त्या आपल्या ओट्यावर वाल सोलत बसलेल्या. इस्पितळांसाठी बनवलेला प्रोग्राम स्पॅनिशमध्ये नीट दिसतो की नाही हे तपासायचं, हे ताईंचं काम. त्यासाठी खोटे पेशंट लागतात. बाकीचे ‘टेस्ट एक’, ‘टेस्ट दोन’ असं टाकून मोकळे होतात. ताई माहेरच्या बायका भरती करायच्या, वय, दुखणं, औषधपाणी सगळ्यासकट.

“नाव नसंल तर माणूस जगतंय का मरतंय, कोण बघतो गं?” त्या म्हणायच्या.

कर्जतला आमच्या वरच्या मजल्यावर त्या राहायच्या. भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी, मुंबईला जाऊन स्पॅनिश शिकली, पण बोली लोधिवलीची ती लोधिवलीचीच राहिली. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करायच्या, वर्षावर्षाच्या करारावर. मी खालापूरच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहिते आणि वाटते. ताईही कंत्राटीच, म्हणून एक पत्रक घेऊन वर गेले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

“तीन-तीन उद्गारचिन्हं कशाला? एकानं ऐकू येत नाय का?”

“ताई, सभेला येणार ना?”

“मी कशाला? मी कारखान्यात हाय का?”

नाहीच आल्या. पुढच्या सभेलाही नाही. या बाईंचा मला जो संताप यायचा, तो कुठल्या मालकाचाही कधी आला नाही. मालक निदान समोर उभा असतो. ताई आपल्याच बाजूला असून आपल्यात नव्हत्या.

आणि कामाची तऱ्हा तरी काय! स्पॅनिश ही एक भाषा, असं मी भाबडेपणानं बोलून गेले, तर अख्खी दुपार गेली. स्पेनमध्ये अपूर्णांकाच्या आधी स्वल्पविराम देतात, मेक्सिकोत टिंब. मेक्सिकोत स्वल्पविराम हजार वेगळे दाखवायला. स्पेनच्या पडद्यावर चोवीस तासांचं घड्याळ, कोलंबियात बारा तासांचं. “आनी त्यांच्यात आपल्यासारकी पहाट हाय बघ,” हे सांगताना मात्र त्यांचा चेहरा खुलला. “मद्रुगादा. विंग्रजीत सकाळ म्हंजे सकाळ. पहाटंचं औषध सकाळी घेतलं तर कसं चालंल?” ऐकता ऐकता माझी पत्रकं तशीच वाटायची राहिली.

एकदा मी वर गेले तेव्हा ताई लॅपटॉपसमोर उभ्याच होत्या. फोन स्पीकरवर. पलीकडे समीर, त्यांचा टीम लीडर. कंपनीनं ठरवलं होतं की प्रत्येक देशाची आकड्यांची वेगळी मांडणी सांभाळत बसायची नाही. सगळ्या स्पॅनिशला स्पेनचीच लावायची. ताईंनी ‘मंजूर’ दाबलं की काम संपलं.

“मॅडम, भाषा तीच आहे हो. लोक समजून घेतात.”

“समीर, हिराआजीचा डोस वाच.”

“कोण हिराआजी?”

“मेक्सिकोची. वाच रं.”

“एक, स्वल्पविराम, दोनशे पन्नास. मिलिग्रॅम. म्हणजे सव्वा.”

“स्पेनला सव्वा. मेक्सिकोची नर्स काय वाचंल? साडेबाराशे! म्हातारी मारलीस रं तू माझी.”

“नर्सला एवढं कळतं, मॅडम.”

“रात्रपाळीत दमलेल्या बाईनं कळून घ्यायचं, आनी तुमी एसीत बसून नाय? अडवते मी.”

“करार संपत आलाय तुमचा, एवढंच सांगतो.”

ताईंनी फोन ठेवला. नवरा आजारपणानं घरी बसलेला, घर त्यांच्या एकटीच्या कामावर चाललेलं. हे मला ठाऊक होतं, समीरलाही ठाऊक असणार. मी उसळले. म्हटलं, पत्रक काढू, वर्तमानपत्रांना देऊ, कंपनीच्या दारात बसू! ताई ‘अडवले’ हा शेरा लिहीत होत्या, शांतपणे, सगळी कारणं देऊन.

“बस की जरा,” म्हणाल्या. “तुझं पत्रक वाचून म्हातारी औषध घेनार हाय का? आधी पडदा सुधारू दे.”

तो शेरा इस्पितळवाल्यांकडे गेला, त्यांनी जाब विचारला आणि मेक्सिकोची मांडणी परत आली. ताईंचा करार मात्र पुढे गेला नाही. कारण काय दिलं? ‘टीमसोबत जुळवून घेत नाहीत.’ माणसं वाचवायची आणि वर जुळवूनही घ्यायचं! मी पेटले होते, आणि ताई आता भिवपुरीला मुलांच्या शिकवण्या घेऊ लागल्या होत्या. “मोर्चा काढ गं, पन माज्या नावानं नको,” म्हणाल्या. नाव दिल्याशिवाय मोर्चा निघतो होय?

परवा वर गेले, तर ताई पुन्हा फोनवर. त्यांच्या जागी आलेली वैष्णवी नावाची मुलगी, पाल्हाळ लावून काहीतरी विचारत होती. कंपनीनं तोच उद्योग आता ग्वाटेमालाच्या पानावर केला होता. ताई तासभर समजावत होत्या. फुकट! ज्यांनी काढलं त्यांच्याच कामाचं. मी हातवारे करत होते, बंद करा म्हणून.

“गप गं. औषधाचं पान हाय तिच्यासमोर,” फोनवर हात ठेवून त्या माझ्यावरच खेकसल्या. मग तिला म्हणाल्या, “दाबू नको. काय वाट्टेल ते म्हनूदेत, मंजूर दाबू नको.”

पलीकडून बारीक आवाज आला, “पण मॅडम, मग माझी नोकरी?”

आतल्या खोलीत त्यांचा नवरा खोकत होता. प्रत्येक देशाच्या टिंबाचं उत्तर असलेल्या या बाईनं फोन माझ्यापुढे धरला.

“तू बोल. माज्याकडं नाय हिच्यासाठी काय.”

मी फोन घेतला. घोषणा तोंडाशी आल्या होत्या, त्या गिळल्या. म्हटलं, “वैष्णवी, तुझ्यासारख्या घरून काम करणाऱ्या तिथं अजून किती जणी आहेत?”

ताईंनी खुर्ची ओढली आणि माझ्याजवळ येऊन ऐकायला बसल्या.